आईने पाठ केलेले शब्द

प्रिय ओक्वुदिली,

हे पत्र तुझ्या इस्तंबूलच्या शिलाई कारखान्याच्या पत्त्यावर टाकते आहे. दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. तू ग्रीसच्या बोटीत बसलास त्या दिवसापासून तुझा फोन बंदच लागतो.

आधी तुझ्या बिटकॉइनचं सांगते. ते सुखरूप आहेत. मित्राच्या हाती तू त्यांची किल्ली सांभाळणारं ते बोटाएवढं यंत्र पाठवलंस आणि इथे ओनित्शात आईच्या खोलीचं दार लावून आम्ही ते सुरू केलं. तू फोनवरून एकेक गोष्ट सांगत होतास. यंत्र हरवलं, मोडलं तरी चालेल, पण ते दाखवेल ते चोवीस शब्द गेले की सगळं गेलं; शब्द ज्याच्याकडे, पैसे त्याचे. फोटो काढू नकोस, फोनमध्ये ठेवू नकोस. इवल्याशा पडद्यावर एकेक इंग्रजी शब्द उमटत होता, मी तो कागदावर उतरवून घेत होते आणि आईला अर्थ सांगत होते. तिचा कागदावर काडीचाही भरवसा नाही. बियाफ्राची लढाई संपल्यावर आजोबांच्या पेटीतल्या कवडीमोल झालेल्या नोटांनी तिनं चूल पेटवलेली. म्हणाली, मीच पाठ करते. आपण दोघं किती हसलो होतो.

केले तिनं पाठ, पण स्वतःच्या रीतीनं. प्रत्येक शब्द घरच्या एका गेलेल्या माणसाला दिला. ‘मीठ’ मबाफोर मावशीला, लढाईत शेवटी चिमूटभर मीठही जिच्या तोंडात पडलं नाही. ‘शिडी’ ताडावरून पडलेल्या मामाला. ‘सायकल’ बाबांना. शेवटचा शब्द निघाला ‘परत’. त्याला कुणी सापडेना, तेव्हा हा असाच राहू दे म्हणाली आणि माझा कागद चुलीत टाकला.

गेल्या वर्षापासून तिचं विसरणं फार वाढलंय. मला कधी ओळखते, कधी बाजारातलं गिऱ्हाईक समजून कापडाचा भाव सांगते. ते शब्द मात्र एकही विसरलेली नाही. संध्याकाळी अंगणात बसते, क्रमानं एकेक शब्द म्हणते आणि त्या त्या माणसाला हाक मारते. प्रत्येक हाकेनंतर थांबते, ऐकते, मान हलवते, मधूनच हसते. बाबांना हाक मारली की मी फाटकाकडे बघते. बघायचं नाही असं ठरवलं तरी बघते. परवा तर सायकलची घंटी वाजल्यासारखी वाटली. रस्त्यावरची असेल.

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू तिच्यासाठी भाजलेलं कणीस आणायचा, शेजारी बसून राहायचा. भला माणूस वाटला मला. मग एकदा त्याचा फोन तिच्या मांडीजवळ पालथा दिसला, तिचा आवाज टिपत असलेला. मी दुसरं यंत्र विकत आणलं, नवे शब्द घेतले आणि तुझे सगळे पैसे तिकडे वळवले. घाईत जुन्या यंत्राची पिन दोनदा चुकली. आणखी एकदा चुकली असती तर ते कोरंच झालं असतं. भाडेकरू लवकरच खोली सोडून गेला. आईच्या शब्दांनी आता काहीच उघडत नाही. तिला हे सांगायला जीभ रेटली नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. ‘परत’ म्हटल्यावर आई आताशा तुझं नाव घेते. भाऊबंदांच्या ते कानावर गेलं. काका म्हणाले, आईच त्याला गेलेल्यांत बोलावतेय, म्हणजे तिला कळलंय. देहावाचून का होईना, त्याचे विधी उरकून टाकू. नव्या कोनफळांच्या सणानंतरचा दिवसही धरला. काल मी तिच्या पायाशी बसले आणि विचारलं, ओक्वुदिली त्यांच्यात आहे का गं? त्या घटकेला तिनं मला ओळखलं.

“बाकीचे सगळे ओ देतात, न्वान्नेका,” ती म्हणाली. “तो तेवढा देत नाही. रोज हाक मारून बघते.”

आज सकाळी काकांकडे जाऊन मी तो दिवस पुढे ढकलायला लावला. त्यांना कारण सांगितलं नाही, तुला सांगितलं. तिला ओ देऊ नकोस, ओक्वुदिली. मला दे.

तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलेली, तुझीच
न्वान्नेकाताई