फाटकावरचा फौजी

६ नोव्हेंबर १९६४
कट्टा गावच्या शाळेतली कारकुनीही गेली! हेडमास्तरांनी अर्जात फौजेची दोन वर्षं पाहिली, चष्मा काढला. म्हणाले, "इथे पोरांमध्ये तुमचं जमायचं नाही हो." कॉलेज अर्ध्यावर टाकून गेलो होतो चीनशी लढायला — आणि दोन वर्षं गोदामात पीठ-साखर मोजली! सरावात कान फुटला, घरी पाठवलं. कारकूनच होतो मी, हे त्यांना पटवत होतो. आवाज चढला असावा. "बघा, हेच ते," म्हणाले.

९ नोव्हेंबर
यशोदेच्या वडिलांकडे, दाजींकडे जाऊन आलो. दाजींचं एकच — आधी नोकरी, मग पोरगी. शिमग्यापर्यंत थांबतील. कणकवलीचं स्थळ आलंय म्हणे! यशोदा विहिरीपाशी होती. हसली. एवढ्यावर आठवडा निघेल.

१४ नोव्हेंबर
काजूच्या कारखान्यात कारकून हवा होता. फौजेचं नाव ऐकून शेठ खूश! "फौजेतलो मानूस टेबलार कित्याक? फाटकार उभो रव." संध्याकाळी बायका सुटल्या की एकेकीला पदर झाडायला लावायचा, कुणी काजूगर लपवून नेऊ नये म्हणून. त्यांच्यात यशोदेची आई, हौसाबाई! तिथेच नाही म्हणून तडक निघालो.

१६ नोव्हेंबर
होय म्हणून आलो. दुसरं कोण घेतंय? शेठची अट — फौजेतले बूट घालून यायचं.

२५ नोव्हेंबर
हौसाबाईंना मी रोज न झाडताच सोडतो. आज मागून त्यांची शेजारीण लक्ष्मी मोठ्याने म्हणाली, "सासवेक येगळो कायदो दिसता!" सगळ्या हसल्या. अजून तेच हसू कानात. फुटक्या कानातसुद्धा.

२६ नोव्हेंबर
हौसाबाई आज स्वतःच थांबल्या. "जावयबापू, माका सोडशात मां?" — गमतीतच. पण शेठ पायरीवर उभे, बायका टपलेल्या. डोकं फिरलं. म्हटलं, फौजेत सगळ्यांना एकच कायदा. झाडा पदर!
हसू थांबलं. चिकाने काळ्या पडलेल्या हातांनी त्यांनी पदर झाडला. चीक बाधू नये म्हणून हाताला फासतात ती राख उडाली. बाकी काही नाही.
शेठनी पाठ थोपटली. नोकरी कायम!

२७ नोव्हेंबर
दाजींचा होकार आला.
लक्ष्मीकडून यशोदेचा निरोप: "ज्यान माझ्या आवशीचो पदर झाडून घेतल्यान, त्येच्या घराक मी जावचंय नाय."