तू पेशंटना सांगायचीस ते

आई,

तू जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही. माणूस गेलं की मनातलं सगळं विरतं म्हणतात. माझं नाही विरलं. परवा धाकट्या लेकीबरोबर इथे लंडनमध्ये, हॅरोच्या बागेत दोन मैल पळून आले, घरी येऊन चहा ठेवला आणि एकदम तुझ्यावर इतकी चिडले की हातातला कप सिंकमध्ये आपटला. पळता येतं याचा आनंद व्हायला हवा होता. मला आठवली ती न पळलेली वर्षं, आणि ती तुझ्यामुळे गेली.

धाकटी दीड महिन्याची असेल. तू लेस्टरहून रजा काढून पिनरला आमच्याकडे आली होतीस. मी तुझ्या मागे किचनमध्ये उभी आहे, बाळ माझ्या खांद्यावर, तू तुपात डिंक तळते आहेस. हे बाळंतपण मोठीच्या वेळेपेक्षा अवघड गेलं होतं, चिमटे लावावे लागले होते. मी चार दिवस धीर गोळा करत होते. म्हटलं, "आई, शिंकले, खोकले की कपडे ओले होतात. बाळाला उचललं तरी होतात." तू वळलीसुद्धा नाहीस. "होतं बाळंतपणानंतर. सगळ्यांनाच होतं. पॅड लाव."

"पण असं किती दिवस?"

"आणि नवऱ्याला सांगत बसू नकोस. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात." मग डिंक नीट फुलला नाही म्हणून तू इथल्या दुकानदाराला नावं ठेवलीस. विषय संपला.

एखाद्या न शिकलेल्या बाईने हे सांगितलं असतं तर मी तिला माफ केलं असतं. तू डॉक्टर होतीस, तीही स्त्रीरोग विभागात. मी पंधरा वर्षांची असताना शाळा सुटल्यावर तुझ्या क्लिनिकच्या कॉरिडॉरमध्ये बसून होमवर्क करायचे. एकदा दार अर्धवट उघडं होतं. आत एक गुजराती मावशी रडत होत्या आणि तू तुझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत त्यांना समजावत होतीस. हे सहन करायचं नसतं, ओटीपोटाच्या तळाशी स्नायू असतात, ते सैल पडलेत, हातापायांसारखाच त्यांनाही व्यायाम लागतो, रोज करा, तीन महिन्यांनी या. किती मायेने बोलत होतीस! मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. तो आवाज तुझ्याकडे होता, हेच मला सहन होत नाही.

मी शाळेत पीई, म्हणजे शारीरिक शिक्षणाची टीचर होते. तुला ती नोकरी कधीच आवडली नाही, पण माझा जीव त्या जिममध्ये होता. रजा संपवून मी शाळेत परतले. एके दिवशी ट्रॅम्पोलीनवर उडी कशी घ्यायची ते मुलींना दाखवत होते. तिसऱ्या उडीला कळलं. मी थांबले, पण अंगात राखाडी ट्रॅकसूट होता. तेरा-चौदा वर्षांच्या मुली. एक म्हणाली, "मिस, तुम्ही पाण्यात बसलात का?" आणि बाकीच्या हसल्या. मी स्वेटर कमरेला बांधून चेंडूंच्या खोलीत गेले आणि घंटा होईपर्यंत तिथेच उभी राहिले. त्यानंतर मी काळेच कपडे घालायला लागले. दिवसभर पाणी प्यायचं नाही. मेट्रोपॉलिटन लाइनच्या कुठल्या स्टेशनात टॉयलेट आहे ते पाठ. नवरा जवळ आला की मी सरकायचे, आणि का ते सांगायचं नाही, कारण तू सांगितलं होतंस. त्याला वाटलं, मला तोच नकोसा झालाय. वजन वाढलं, कंबर धरली, जोरात हसणंसुद्धा बंद झालं. शेवटी पीई सोडून मी शाळेच्याच परीक्षा विभागात टेबलापाशी जाऊन बसले.

आणि त्या वर्षीच्या गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या देखत तू काय म्हणालीस? "आमच्या बाईसाहेबांना आता मैदानावर जायचा कंटाळा येतो. बसून काम हवं. इथे वाढलेल्या मुलींना कष्ट नकोत." बायका हसल्या. मी तुझ्या कानाशी येऊन म्हटलं, "आई, मी का सोडलं ते तुला माहितीये." तू हसू तसंच ठेवून म्हणालीस, "हळू बोल."

दोन वर्षांनी तू घरातच पडलीस. बाथरूमकडे घाईने जाताना पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. मी पहिल्या ट्रेनने लेस्टरला आले. वॉर्डमधल्या नर्सने मला बाजूला घेऊन विचारलं, "आईंची रिंग शेवटची कधी बदलली होती?" मला कळेना कुठली रिंग. तिने शांतपणे समजावलं. तुझं अंग बाहेर येत होतं, गर्भाशय जागेवर राहावं म्हणून आत रिंग होती, आणि कुठल्याच डॉक्टरकडे त्याची नोंद नव्हती. तू स्वतःच आणून स्वतःच बसवत होतीस.

मी तुझ्या खाटेशी बसले. "किती वर्षं?"

"तू शाळेत होतीस तेव्हापासून."

"आणि कोणाला दाखवलं नाहीस?"

"कोणाला दाखवू? सगळे माझ्याबरोबर काम करणारे. त्यांच्यासमोर झोपू?"

"मग मला का नाही सांगितलंस? व्यायाम कर, फिजिओकडे जा, एवढंच तर सांगायचं होतं."

तू खिडकीकडे तोंड फिरवलंस. "तुला सांगितलं असतं तर तू मला विचारलं असतंस."

बस, एवढंच कारण. 'तुलाही होतं का?' हा एक प्रश्न मी तुला विचारू नये म्हणून माझी नोकरी गेली, माझा संसार मोडता मोडता राहिला. तीन आठवड्यांनी न्यूमोनिया होऊन तू गेलीस. लोक भेटायला आले, तुझ्या हाताला किती गुण होता ते सांगत राहिले, आणि मी मान हलवत राहिले.

महिन्याभराने मी स्वतः फिजिओकडे गेले. जाड चष्म्याची आयरिश बाई. तिने विचारलं, आधी कोणाशी बोलला होतात? म्हटलं, आईशी, ती स्त्रीरोगाची डॉक्टर होती. तिने पेन थांबवलं, मग पुढे लिहायला लागली. तिने मला ते स्नायू आत आणि वर उचलायला शिकवलं, श्वास न रोखता धरायला, आणि मग पूर्ण सोडायला. सोडणं मला सगळ्यात अवघड गेलं. शिंक येण्याआधी आवळायचं, पाणी भरपूर प्यायचं. चौथ्या महिन्यात ट्रेनमध्ये लागोपाठ तीन शिंका आल्या आणि काहीच झालं नाही. मी पेपर तोंडासमोर धरून रडले. त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, तुला मीच नकोय." माझी जुनी नोकरी मात्र परत मिळाली नाही. शनिवारी मुलींच्या एका क्लबात शिकवते, तेवढंच. तिथे या स्नायूंबद्दल मी पहिल्याच दिवशी बोलते, मोठ्याने.

हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणूनच एक सांगते. तू जायच्या आधीच्या रविवारी तुझी चादर ओली झाली होती. तू माझा हात धरून म्हणालीस, "नर्सला नको बोलावूस. तूच बदल." मी दोन मुली वाढवल्या आहेत, मला पाच मिनिटं लागली असती. मी बेल दाबली आणि पडद्याबाहेर जाऊन उभी राहिले. मला लाज वाटत होती म्हणून नाही. तुला वाटावी म्हणून.