खिळ्यांवर वीस मिनिटं

अंधेरी (पू.)
६ जानेवारी २०२५

ती. शुभाताईस,
श्यामचे शि. सा. न. वि. वि. साष्टांग कागदावरच समज, कंबर आता परवानगी देत नाही.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पुन्हा पत्रावर आलो. बातमीच तशी आहे. तुझा भाऊ खिळ्यांवर उभा राहतो.

हसू नकोस. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मधुवंती नावाची मुलगी ध्यानाचा वर्ग घेते. पावलांच्या मापाच्या दोन लाकडी फळ्या, त्यांतून वर आलेले शेकडो खिळे, आणि त्यांवर अनवाणी उभं राहून श्वास मोजायचा. खिळे मात्र झकास बसवलेत. तीस वर्षं कारखान्यात मापं तपासली, पण मला कुठे सूतभर फरक सापडला नाही. तिसऱ्या मजल्यावरचा चंद्रप्रकाश चढला आणि दहा सेकंदांत असा ओरडला की वॉचमन धावत आला. मग मी चढलो. वीस मिनिटं, ताई! उभ्या उभ्या भिंतीवरची पाणीकपातीची नोटीसही वाचून काढली. मधुवंती म्हणाली, असं स्थैर्य तिने आजवर पाहिलं नाही, मागच्या जन्मीची साधना असणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी सुगंधा गेली त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

रेवतीला आशीर्वाद. लोभ वाढव म्हणत नाही, आहे तेवढा सांभाळ.
तुझा,
श्याम


मुलुंड (प.)
११ जानेवारी २०२५

चि. श्यामसुंदर यास अनेक आशीर्वाद. मागच्या जन्मीच्या साधकाला नमस्कार हवा असेल, तर तो मिळणार नाही.

पत्र वाचून मी आणि रेवती पोट धरून हसलो. अरे, मागचा जन्म राहू दे, हा जन्म मी जवळून पाहिलाय. नवी चप्पल चावली म्हणून स्वतःच्या लग्नात तू बोहल्यापर्यंत लंगडत गेलास. इंजेक्शन म्हटलं की बाबा तुला मोरीतून ओढून काढायचे. आणि आता म्हणे खिळे!

एकच विचारते, सरळ उत्तर दे. खिळे टोचतात आणि तू सहन करतोस, की टोचतच नाहीत? आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना, की त्याऐवजी श्वासच मोजतोस?

पाकिटात तिळगुळाचे चार दाणे घातलेत. गोड बोलायला तेवढे पुरे.
तुझी काळजी करणारी (आणि तुला हसणारी),
शुभाताई


अंधेरी (पू.)
१६ जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न. तिळगूळ पोचला. गोड बोलायचा प्रयत्न करतो.

टोचतच नाहीत! हीच तर गंमत आहे. सहन करणारे ते बाकीचे. मी गालिच्यावर उभा असल्यासारखा असतो. आता रोज सकाळी अर्धा तास. गोळ्या कधी आठवतात, कधी राहतात. सुगंधा काढून हातावर ठेवायची ना. पण फळ्यांचा गुण बघ, वर्षभर पायांना मुंग्या यायच्या, त्या पार थांबल्या. मन तर इतकं एकाग्र झालंय की परवा भाजी घेऊन घरी आलो, बघतो तर एका पायात चप्पलच नाही! कुठे निसटली, पत्ता नाही. मधुवंती म्हणाली, देहभान विसरणं म्हणतात ते हेच.

२६ तारखेला मनोरीला शिबिर आहे. मार्व्याहून बोटीने जायचं, तीस माणसं असणार, आणि प्रात्यक्षिक माझं. तासभर! तोवर फोन बंद ठेवायला सांगितलंय, उगाच चिडू नकोस.

तुझ्या हसण्यासकट तुझाच,
श्याम


मुलुंड (प.)
२१ जानेवारी २०२५

चि. श्याम, आशीर्वाद. आज थट्टा नाही.

टपालाचा भरवसा नको म्हणून हे पत्र उद्या रेवतीच्या हाती पाठवते आहे. तुझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, हे तू विसरलास. चप्पल निसटल्याचं मी मोठ्याने वाचत होते, हसत होते, आणि ती मात्र हसायची थांबली. तिने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि मुंग्यांचं वाक्य दोनदा वाचलं.

ती सांगेल तसं कर. मोजे काढ, खुर्चीत बस, तळपाय तिला दाखव. फळ्यांवर पाय ठेवू नकोस. मनोरीची तीस माणसं वाट बघतील तर बघू देत. एवढं ऐक रे. मग वर्षभर फोनवर वाटेल तेवढी वाक्यं पुरी कर.

ताई


अंधेरी (पू.)
४ फेब्रुवारी २०२५

ती. शुभाताईस शि. सा. न.

हॉस्पिटलात तू रोज येत होतीस, पण सगळ्यांसमोर हे बोलता आलं नाही.

त्या दिवशी रेवतीने माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. म्हणाली, मामा, कापूस लागेल तेव्हा हो म्हणायचं. मी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने विचारलं, अगं, सुरू कधी करणार? ती हळूच म्हणाली की दोन्ही पाय झाले, कापसाने झाले आणि पिनेनेही झाले. रुमाल काढला, तर डाव्या अंगठ्याखाली खिळ्याने पाडलेलं भोक, आत पिकलेलं. मोज्यावरचा डाग मी आठवडाभर बिटाचा समजत होतो.

अंगठा वाचला, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं. तू बाहेर गेल्यावर म्हणाले, मनोरीला तासभर उभे राहिला असतात तर पाऊल वाचवणं अवघड होतं. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. साखर इतकी वर्षं आतल्या आत नसा कुरतडत होती आणि मी त्याला साधना म्हणत होतो. लाज पायाची नाही वाटत, ताई, त्या टाळ्यांची वाटते. त्यांच्यासाठीच रोज चढत होतो.

मधुवंतीवर रागावू नकोस. पोरगी मान खाली घालून बसली होती. तिने विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. आता साखर आहे का, हे ती दारातच विचारते. चंद्रप्रकाश रोज डबा आणतो आणि समोर बसून मला गोळी गिळायला लावतो. त्याच्या त्या ओरडण्याचा मला हेवा वाटतो.

तुझ्या मायेवरच उभा असलेला,
श्याम


मुलुंड (प.)
१० फेब्रुवारी २०२५

चि. श्यामसुंदर यास अनेक आशीर्वाद, अंगठ्याला वेगळे.

टाळ्यांची लाज कसली रे? दोन वर्षांत आम्ही मुलुंडहून किती वेळा आलो तुझ्याकडे? ती चूक माझी.

आता माझं ऐक. शनिवारी तुझ्याकडे येण्याआधी मी त्या वर्गात डोकावले. मधुवंतीला चार शब्द सुनवायचे होते. तिने आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, मावशी, साखर आहे का? श्याम, आहे. तीन वर्षं झाली. गोळ्या रव्याच्या डब्यामागे ठेवते, रेवतीलाही माहीत नव्हतं. तुला दटावत होते, त्यातलं अर्धं स्वतःलाच होतं.

मी नाही म्हणून ठोकून दिलं. तिला फोन आला, ती बाहेर गेली, आणि मी चपला काढल्या. खिडकीचा गज धरला आणि चढले. सात सेकंद! काय टोचलं रे! आई गं म्हणून अशी किंचाळले की ती पोरगी फोन टाकून धावत आली. मी खाली उतरून हसतेही आहे आणि रडतेही आहे. तिला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

घरी येऊन रेवतीला सगळं सांगितलं. मग वाट लागली माझी! म्हणाली, टोचलं म्हणजे सगळं ठीक असं नसतं आई, ही तपासणी नव्हे, वेडेपणा आहे. तळवे उलटेसुलटे करून पाहिले, ओरखडा नाही. पण १८ तारखेला सकाळी दहाला तुझ्याच डॉक्टरांकडे माझं नाव लिहिलंय. ड्रेसिंगला तू त्याच दिवशी ये. चंद्रप्रकाशला सांग, रिक्षा करून आणेल. आधी तू आत जा, मग मी. मला भीती वाटते रे.

लोभ असू दे, आणि तिथे नर्ससमोर मला हसू नकोस.
तुझी,
शुभाताई