पत्रा आजच बसव

गुणाजी,
रॅलीसाठी गाडी हलकी करायची म्हणून इंजिनाखालचा पत्रा काढलास, आणि मला सांगायचं नाही? ठाकुर्लीच्या फाटकात रुळाला आपटून ऑइलचा चेंबर फुटला, इंजिन बंद पडलं. मागच्या सीटवर तुझी वहिनी कळा देतेय आणि मी गाडी ढकलतोय! पोरगी गाडीतच झाली रे. फाटकवाल्याच्या बायकोने हातात घेतली.

दोघी हॉस्पिटलात आहेत, बऱ्या आहेत. कपडे न्यायला घरी आलो, तर तो पत्रा गच्चीवर! आई त्यावर जवळा सुकवतेय. म्हणते, "काय झकास तापतो!"

धू आणि चेंबरसकट आजच बसव. रॅली गेली खड्ड्यात. वहिनी हट्टाला पेटलीय, लेक घरी येईल ती गुणाभावजींच्याच गाडीतून.

दादा