लिफ्टमध्ये दिलेलं उत्तर

शनिवार, १४ मे २०१६, वुडलँड्स, सिंगापूर

संध्याकाळी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या साठेवहिनींनी विचारलं, "मग, सईचं अमेरिकेत कुठे ठरलं?" मी पटकन एका मोठ्या विद्यापीठाचं नाव सांगितलं. शेजारी उभी असलेली माझी लेक सई खाली चपलांकडे बघत राहिली.

ठरलंय कुठे अजून? तिला आधी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या साध्या कॉलेजात, जायचंय. वर्ग लहान, विषय चाचपून बघायचे, मग विद्यापीठात ट्रान्सफर. थेट विद्यापीठात जनरल स्टडीज घेतलं तरी विषय ठरलेला नसणारच, नाव तेवढं मोठं. ट्रान्सफर मिळालीच नाही तर? ही भीती खरी आहे. पण लिफ्टमध्ये मी भीतीने बोलले का? नाही. लाजेने बोलले.

घरी आल्यावर सई म्हणाली, "आई, मराठी मंडळातल्या भाषणात तूच गरजलीस ना, कुठलंच कॉलेज छोटं नसतं म्हणून? मी टाळ्या वाजवल्या, ला!" इथल्या पोरांसारखं 'ला' लावून हसत म्हणाली, म्हणून जास्त लागलं. त्या चपला डोळ्यांसमोरून हलेनात.

शेवटी वहिनींना फोन केला. "मघाशी चुकीचं सांगितलं. सई बहुतेक कम्युनिटी कॉलेजात जाईल."

त्या म्हणाल्या, "आमच्या लेकीशी, मीराशी बोलेल का ती? पुढे काय शिकायचं, तिलाही काही सुचत नाहीये. कुणाला सांगायचं धाडस होत नव्हतं हो."

सई चपला घालून लगेच खाली मीराकडे गेली.