माझा काढा, त्याचा गळा

२४ सप्टेंबर, सकाळी
घसा बसला. नवरात्रात देवीच्या आरतीचा माइक दरवर्षी माझ्याकडंच. अष्टमीला तर गाव माझा आवाज ऐकायला येतं. पण टेन्शन बिलकुल न्हाई. गोळी-इंजेक्शन आपल्याला चालत न्हाई. अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ, गूळ. अष्टमीपर्यंत फुल रिकव्हरी.

२५ सप्टेंबर
रायभान आल्ता. आरतीत माझ्यामागं टाळ वाजवतो. त्याचा बी घसा धरलेला. बिचारा! माझ्याच पातेल्यातला काढा दिला. झोपताना गरम फुटाणे खायचे, वरून पाणी न्हाई, डोक्याला रुमाल बांधायचा अन् तोंडातून शब्द काढायचा न्हाई, हे तासभर समजावलं. समजावून समजावून माझाच घसा आणखी बसला.

२६ सप्टेंबर
फुटाणे खाल्ले. फार कोरडे निघाले, दुकानदाराची चूक. म्हणून माठातलं पाणी प्यालो, तांब्याभरच. मंग पारावर जाऊन लोकांना फुटाण्याचे फायदे सांगितले. बायकोनं, साळूबाईनं, विचारलं की मौनाचं काय झालं. सांगितलं, मौन पेशंटला असतं.

२८ सप्टेंबर
आवाज घोगरा. साळूबाई म्हणती दवाखान्यात चला. तिला काय कळतं! उद्यापासून कडक मौन. म्हणून आज सगळ्या सोयऱ्यांना फोन करून घेतले.
रायभान भेटला. गळा एकदम मोकळा. आपल्या काढ्याचा रिझल्ट! अभिमान वाटला. थोडी जळजळ बी झाली, ती सुंठीची असंल.

३० सप्टेंबर, अष्टमी
माइक घेतला. तोंड उघडलं. नुसती हवा. पोरं फिदीफिदी हसली. कमिटीच्या अण्णासाहेबांनी माइक माझ्या हातातून काढून रायभानला दिला. काय खणखणीत आवाज लागला हरामखोराचा! वर माइकवरून सांगतो, हा गळा बद्रीभाऊच्या काढ्यानं उघडला. टाळ्या. मी मागं उभा राहून टाळ वाजवले. गद्दार!
घरी आल्यावर साळूबाई म्हणली, रोजचा काढा मीच त्याच्या घरी पोचवत होते. तुम्ही नुसतं सांगता, तो करतो. इथं वाया जाऊन राह्यला होता.
म्हणजे घरातच फितुरी. जेवलो न्हाई. नंतर थोडं जेवलो.

३ ऑक्टोबर
जाफराबादच्या दवाखान्यात गेल्तो. भोकरदन जवळ, पण तिथं वळखीचे भेटतात. जीपमध्ये तोंडाला मफलर गुंडाळून बसलो. डॉक्टरनं गाव विचारलं. कागदावर लिहून दाखवलं, पिंपळगाव. डॉक्टर हसले. म्हणाले, मंग एवढ्या लांब कशाला आले? तुमच्या गावात रायभान म्हणून कोणी आहे म्हणे, त्याचा काढा घ्यायचा. माझ्या पेशंटांनीच सांगितलं. फार गुणकारी, म्हणे.
मी मफलर सोडला. तोंड उघडलं.
डॉक्टर म्हणाले, बोलू नका.