बोरखेडवाडीची ‘सक्सेसफुली’ खोदलेली विहीर

मी, उत्तरेश्वर अर्जुनराव तिडके, वय चौसष्ट, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार बोरखेडवाडी, तालुका धारूर, जिल्हा बीड, शुद्धीत आणि चष्मा लावून लिहून ठेवतो की, हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली करत नाही. दबावाखाली मी बहात्तर साली होतो. ती हकीकत कलम तीनमध्ये आहे.

कलम १. राहते घर चिरंजीव मोहन यास. पत्रे त्याने बदलावेत. मी बदलणार होतो, पण मला वाक्ये बदलण्याचीच सवय.

कलम २. शाळेने मोडीत काढलेला तिघांचा बाक माझा आहे, तो शाळेस परत. कर्मणी प्रयोग मी या बाकावर शिकवला. डावीकडे ‘वॉज’ बसे, उजवीकडे क्रियापदाचे तिसरे रूप आणि मधे क्रियाविशेषण, बहुधा ‘ड्युली’, म्हणजे रीतसर. कर्त्याला मी वर्गाबाहेर उभा करी. आला तर ठीक, नाही आला तरी वाक्याचे काही अडत नाही. मधे नेहमी इलियास बसे, कारण तो बारीक होता. गाव त्याला आजही ‘ड्युली’ म्हणते. आता तो इंजिन मेकॅनिक आहे. तो साक्षीदार असल्याने त्याला काही देत नाही, क्षमस्व.

कलम ३. दुष्काळात आमच्या पाणीपुरवठा सहकारी सोसायटीला परदेशातून मदत आली. वस्तीसाठी विहीर खोदून इंग्रजीत अहवाल पाठवायचा होता. सुरुंगाची दारू आणि सिमेंट वस्तीऐवजी चेअरमन सुंदरराव यांच्या शेतात उतरले. ते मला म्हणाले, “गुरुजी, कुणी खांदली ते लिहू नका, कशी खांदली तेवढं झ्याक लिहा.” मी लिहिले, ‘द वेल वॉज सक्सेसफुली डग.’ क्रियाविशेषण अगदी जागेवर होते. मला त्याचा अभिमान वाटला, याची आज लाज वाटते.

अहवालावर खूश होऊन मदत देणाऱ्या परदेशी साहेबांनी पाणी उपसायचे इंजिन पाठवले. ते बसवायला इलियास आला. त्या वेळी तो शिकाऊ होता. भर उन्हात वस्तीभर फिरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “गुर्जी, इंजिन हाय, पाइप हाय. इहीर कुटं हाय?” मी त्याला अहवालाची प्रत दाखवली. त्याने ती दोनदा वाचली. “सक्सेसफुली दिसतंय,” तो म्हणाला, “पर इहीर न्हाई.”

माझी पत्नी केसरबाई दारात घागर घेऊन उभी होती. तिने विचारले, “खांदली कुनी?” मी म्हणालो, “इंग्रजीत ते सांगावं लागत नाही.” ती म्हणाली, “मंग पानी बी इंग्रजीतच प्या.” त्यानंतर आयुष्यभर ती घाटाखालच्या झऱ्यावरून पाणी आणत राहिली. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. उशाशी तांब्या होता, तोही तिनेच भरून ठेवलेला.

कलम ४. सुंदरराव यांस माझी उरलेली क्रियाविशेषणे: ‘ड्युली’, ‘प्रॉपरली’, ‘इमिजिएटली’. नवी आहेत, आमच्या सोसायटीत कधी खरी वापरली गेली नाहीत.

कलम ५. पोस्टातली सगळी शिल्लक वस्तीच्या विहिरीसाठी. ती माझ्या घरामागे, केसरबाई घागर टेकवायची तिथे खोदावी. देखरेख इलियासची. पाणी नाही लागले तर नाही लागले असेच लिहावे.

दगडावर मराठीत कोरावे: ‘ही विहीर उत्तरेश्वर तिडके याने केसरबाईसाठी उशिरा खोदली.’ यातला ‘उशिरा’ कोणीही काढू नये.

बोरखेडवाडी, ११ मे २००३
(सही) उत्तरेश्वर अर्जुनराव तिडके

साक्षीदार:
१) इलियास चाँद शेख. वाचलं. पाणी लागो न लागो, इंजिन मी बसवतो.
२) सुंदरराव, माजी चेअरमन. सहीला बोलावले होते. निरोप आला, “सही करण्यात आली आहे असे समजावे.” समजलो नाही.
३) म्हणून त्यांच्या जागी ताराबाई सिदू गायके, अंगणवाडी सेविका. मी सही केली. झऱ्यावर जायचं आहे, निघते.